क्लेवला शिकायला येताय? मग सीमेची नीट ओळख करून घ्या

जर्मनीत शिकायला जातोय म्हटलं की घरचे शहराचं नाव विचारतात. म्युनिक, बर्लिन, आखेन यांपैकी काही असलं तर प्रश्न संपतो. ‘क्लेव’ म्हटलं की मात्र पुढचा अर्धा तास नकाशावर जातो. शेवटी आपण कंटाळून “ड्युसेलडॉर्फजवळ” असं सांगून मोकळे होतो. ते फारसं खरं नाही. ड्युसेलडॉर्फ इथून रेल्वेने साधारण दीड तासावर आहे, आणि नेदरलँड्समधलं नाइमेखेन त्यापेक्षा कितीतरी जवळ. इथे येणाऱ्याने हे आधी डोक्यात पक्कं करावं, कारण घर, बाजार, नोकरी, फिरणं अशा सगळ्या गोष्टींत सीमा मध्ये येते. कधी सोयीची म्हणून, कधी आडवी.

कॉलेजबद्दल आधी थोडक्यात. होखशूले राइन-वाल 2009 मध्ये सुरू झाली. जर्मनीच्या मानाने हे अगदीच कालचं पोर. बरेच कोर्स इंग्रजीतून आहेत, त्यामुळे वर्गात देशोदेशीची मुलं असतात आणि आपली तर हमखास. क्लेवचा कॅम्पस जुन्या बंदराच्या जागेवर, कालव्याला लागून उभा आहे. इमारती नव्या आहेत, प्रयोगशाळा चांगल्या आहेत. पण प्रवेशपत्र नीट वाचा. तंत्रज्ञान, जीवशास्त्र आणि समाज-अर्थशास्त्र हे विभाग क्लेवला आहेत, तर संवाद-पर्यावरणाचा चौथा विभाग काम्प-लिंटफोर्टला. ते 2012 पर्यंत चालू असलेल्या कोळसा खाणीचं गाव. दोन्ही गावांमध्ये चांगलं अंतर आहे, रोज ये-जा करायचा विचारही करू नका. कोर्स काम्प-लिंटफोर्टचा आणि खोली क्लेवला घेतलेली मुलं दरवर्षी भेटतात.

खोली हा इथला सगळ्यात मोठा डोकेदुखीचा विषय. क्लेव लहान आहे आणि कॉलेज त्याच्या मानाने झपाट्याने वाढलं. म्हणून मुलं आसपास पसरतात: गोख, एमरिख, बेडबुर्ग-हाउ आणि क्रानेनबुर्ग. मी क्रानेनबुर्गला राहिले. क्लेव आणि नाइमेखेनच्या बरोबर मध्ये असलेलं हे खेडं. जुन्या तटबंदीचे अवशेष, गावाच्या मानाने भलतंच मोठं विटांचं चर्च आणि भोवती सपाट हिरवी कुरणं. एमरिख-क्लेव-नाइमेखेन अशी धावणारी 58 नंबरची बस गावातून जाते. ती आहे म्हणून इथे राहणं जमतं. रेल्वे होती, पण 1991 मध्ये क्लेव-नाइमेखेन प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्याच रुळांवर आता उन्हाळ्यात पर्यटक पायडलच्या ट्रॉल्या मारत, गाणी म्हणत जातात. सबमिशनच्या आदल्या दिवशी ते दृश्य बघून चीड येते, हे वेगळं.

गावात निम्म्या गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्या, म्हणजे डच. सीमेपलीकडे घरं महाग, म्हणून डच कुटुंबं इकडे येऊन राहतात आणि नोकरीला तिकडे जातात. शेजारी जर्मनमध्ये बोलतील याची खात्री नाही. जुनी माणसं जी बोली बोलतात ती डचला इतकी जवळची आहे की पलीकडच्यांना सहज कळते.

खोली ठरवताना भाड्यात हीटिंग धरलंय की नाही ते विचारा, आणि घरमालक नोंदणीचा फॉर्म सही करून देणार का, हेही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. फॉर्म नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसली की बँकेपासून रहिवासी परवान्यापर्यंत पुढचं सगळं अडतं. “खोली घे, पण नोंदणी करू नको” असं म्हणणारा मालक कितीही स्वस्त देत असला तरी त्याला नमस्कार करून निघा.

आता सीमेचं. शेंगेन या युरोपातल्या मुक्त-प्रवास करारामुळे तिथे फाटक नाही. बसमध्ये बसलात की रस्त्याकडेच्या पाट्या बदललेल्या दिसतात, एवढंच. त्यामुळे नव्या मुलांना वाटतं, आपल्याला दोन देश मिळाले. तसं नाही. जर्मन रहिवासी परवान्यावर तुम्ही नेदरलँड्समध्ये फिरायला जाऊ शकता, पण राहायला किंवा काम करायला नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाला नाइमेखेनच्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचं काम मिळत होतं, पगार बरा होता, मालकही तयार होता. नशीब त्याने आधी चौकशी केली. अशा शंकांसाठी क्लेवमध्येच ‘युरेगिओ राइन-वाल’ या संस्थेचं कार्यालय आहे. दोन्ही देशांतल्या पालिका त्यात एकत्र आहेत आणि सीमेपलीकडे राहण्या-कमावण्याबद्दल तिथे सल्ला मिळतो. सीनियरच्या ‘काही होत नाही रे’पेक्षा तिथे विचारलेलं बरं. आणखी एक, सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने या सीमेवरही तपासणी सुरू केली. शनिवारी भाजी आणायला जातानाही पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड जवळ ठेवा.

भाजीवरून आठवलं. कढीपत्ता, भेंडी, मिरच्या यांसाठी नाइमेखेनची ‘टोको’ म्हणजे आशियाई किराणा दुकानं बघा. सुरिनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांमुळे नेदरलँड्समध्ये आपल्याकडचा माल बरा मिळतो. रविवारी जर्मनीत सगळं बंद, तिकडे दुकानं उघडी. उलट साबण, शाम्पू, पेट्रोल स्वस्त म्हणून डच लोक क्रानेनबुर्गला येतात. 1 नोव्हेंबरला इथे सुट्टी असते, पलीकडे नसते. त्या दिवशी अख्खा क्लेव जिल्हा नाइमेखेनच्या बाजारात लोटतो, तेव्हा जायचं टाळा.

या सीमेच्या गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या आहेत. एमरिखजवळचं एल्टन गाव महायुद्धानंतर 1949 मध्ये नेदरलँड्सने ताब्यात घेतलं आणि 1 ऑगस्ट 1963 ला परत दिलं. आदल्या रात्री व्यापाऱ्यांनी लोणी, कॉफी भरलेले ट्रक एल्टनमध्ये आणून उभे केले. मध्यरात्री गाव जर्मन झालं, आणि जकात न भरता मालही जर्मन झाला! त्या रात्रीला लोक अजून ‘लोण्याची रात्र’ म्हणतात. क्रानेनबुर्गजवळच्या विलर गावाशेजारची एक टेकडी मात्र डचांनी परत केलीच नाही. आता तिथे पॅनकेक खायला जातात, क्रानेनबुर्गहून सायकलने जाता येतं.

क्लेवचा किल्ला, श्वानेनबुर्ग, गावात कुठूनही दिसतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची चौथी राणी अ‍ॅन इथल्याच ड्यूक घराण्यातली. किल्ल्यात आज चक्क कोर्ट भरतं. राइख्सवाल्ड जंगलात फेब्रुवारी 1945 मध्ये मोठी लढाई झाली. तिथल्या राष्ट्रकुल दफनभूमीत 7,500 हून जास्त सैनिक आणि वैमानिक आहेत. एकदा जाऊन या.

इंजिनियरिंगवाल्यांनी क्लेवजवळचं काल्कार चुकवू नये. ऱ्हाइनकाठी तिथे सोडियमने थंड होणारी फास्ट ब्रीडर (चालताना नवं इंधनही तयार करणारी) अणुभट्टी बांधली, आपल्या कल्पाक्कमला आहे त्याच जातीची. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सचा पैसा लागला, अब्जावधी मार्क ओतले, 1985 पर्यंत बांधून झाली. पण विरोध आणि परवान्यांच्या भांडणात ती कधी पेटलीच नाही आणि 1991 मध्ये प्रकल्प गुंडाळला. मग एका डच माणसाने ती विकत घेतली आणि तिथे जत्रेतल्यासारखे पाळणे लावले. कूलिंग टॉवरच्या पोटात आज गोल फिरणारा झोपाळा आहे, बाहेरच्या भिंतीवर चढाईची सोय. किरणोत्सर्ग नाही, कारण इंधन कधी आत गेलंच नाही. प्रकल्प व्यवस्थापनाच्या तासाला जे शिकवतात त्याचं एवढं मोठं उदाहरण दुसरीकडे तिकीट काढून बघायला मिळणार नाही.

कामाचं बोलायचं तर 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. क्लेवमध्ये स्पेक्ट्रो ही विश्लेषण उपकरणांची कंपनी आहे, एमरिखला प्रोबाट कॉफी भाजायची यंत्रं बनवते, काट्येसची चघळायच्या गोड गोळ्यांची फॅक्टरीही तिथेच. श्ट्रालेनकडे फुलांचा आणि भाज्यांचा मोठा धंदा आहे, शेतीवाल्यांसाठी क्लेवला हाउस रिसविक हे प्रयोग-प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र कोर्स इंग्रजीत असला तरी शॉपफ्लोअर जर्मनमध्येच चालतो. जर्मनची बी-वन (मध्यम) पातळी झाल्याशिवाय गोदामातल्या कामापलीकडे फारसं हाती लागत नाही, म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच भाषेचा क्लास धरा. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. त्यात भाषा शिकायला बसलात तर पहिले सहा त्यातच जातील.