तोट्यातून नफा, तरी शीट म्हणते उणे १५० टक्के: या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत माझी मामी घरून दिवाळीचा फराळ करून विकते. सप्टेंबरात तूप, बेसन, डबे यांची खरेदी झाली, विक्री जवळपास नाही. महिना २०,००० रुपयांनी तोट्यात गेला. ऑक्टोबरात १०,००० नफा. हिशेबाची एक्सेल शीट मीच करून दिलेली. बदलाच्या रकान्यात लाल अक्षरांत आलं: -१५०%.

"अरे, मी कमावलं की घालवलं?" मामीने विचारलं.

सूत्र शाळेतलंच होतं, नव्यातून जुनं वजा करून जुन्याने भागायचं: =(सी२-बी२)/बी२. (टाइप करताना अक्षरं अर्थातच रोमन.) कंसही जागेवर होते, ते विसरले तर आधी भागाकार होतो आणि भलतंच काही येतं. इथे वर ३०,०००, खाली -२०,०००. मग उत्तर उणेच येणार.

याची उलट बाजू जास्त वाईट. तोटा २०,००० वरून ५०,००० झाला, तर उणेला उणेने भागून +१५०% येतं, शेजारी हिरवा बाण. लाल दिसलं की माणूस निदान विचारतो तरी. हिरवं दिसल्यावर कोण विचारतंय?

नेटवर शोधलं की पहिला उपाय हाती लागतो तो एबीएस या फंक्शनचा: =(सी२-बी२)/एबीएस(बी२). खालच्या आकड्याचं चिन्ह पुसलं जातं, मामीचं उत्तर +१५०% होतं, सगळे खूश. मीही तेच केलं होतं. मग पदार्थांप्रमाणे हिशेब मांडला. चकली ५०० तोट्यातून ५,००० नफ्यात: +११००%. अनारसे १०,००० तोट्यातून ५,००० नफ्यात: +१५०%. अनारशांनी १५,००० रुपयांची मजल मारली, चकलीने ५,५०० ची, आणि शीट चकलीला डोक्यावर घेऊन नाचतेय. आधीचा तोटा जितका किरकोळ, तितका टक्का फुगतो. एबीएसने चिन्ह सुधारतं, आकडा नाही.

दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या आकड्यांत एक मोठी रक्कम मिळवून ते धन करून घेणं. मामीच्या दोन महिन्यांत ३०,००० मिळवा: १०,००० चे ४०,०००, म्हणजे +३००%. ५०,००० मिळवा: ३०,००० चे ६०,०००, म्हणजे +१००%. धंदा तोच, महिने तेच. उत्तर तुमच्या मर्जीवर. हे कधीच करू नका.

मुळात टक्का म्हणजे जुन्या रकमेचे शंभर भाग करून त्या मापाने बदल मोजणं. तोट्याच्या मापाने नफा मोजायला गेलं की मापच उलटं धरल्यासारखं होतं. म्हणून आता मी दोन रकाने ठेवतो. पहिल्यात रुपयांतला फरक, नेहमी. दुसऱ्यात टक्का, पण जुना आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तरच:

=इफ(बी२>0,(सी२-बी२)/बी२,"लागू नाही")

शून्याने भागण्याची एरर आणि रिकामा सेल, दोन्ही यातच निपटतात. जुना आकडा धन आणि नवा उणे असेल तर मात्र टक्का खरा असतो. १०,००० नफ्यावरून ५,००० तोटा म्हणजे -१५०%, त्यात चूक काही नाही. "उणे शंभराच्याही खाली कसं गेलं?" असं कोणी विचारेलच, सांगायचं, सगळा नफा गेला आणि वर पदरचेही गेले.

नफ्याचं प्रमाणच टक्क्यांत असेल, समजा -५% वरून ३%, तर सरळ वजाबाकी करून ८ टक्क्यांचा फरक लिहा. टक्क्याचा टक्का काढू नका.

आणखी एक खोडी. पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यात उणेचं चिन्ह शेवटी असलं, २०,०००- असं, तर तो सेल आकडा न राहता मजकूर होऊ शकतो. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो, त्यामुळे वरची अट पार होते आणि पुढे व्हॅल्यूची एरर दिसते. ती दिसू द्या. इफएरर (एररच्या जागी तुम्ही सांगाल ते दाखवणारं फंक्शन) लावून तिथे शून्य छापलंत, तर बिघडलेला सेल आणि खरोखर न बदललेला महिना यांत फरक कळायचा नाही. माझे दोन महिने असेच महिनाभर शून्य दाखवत बसले होते.

नवा आकडा भरायचा राहिला असेल तर रिकामा सेल शून्य धरला जातो आणि -१००% येतं. महिना संपण्याआधी शीट उघडली की मामीचा फोन येतो तो बहुतेक याचसाठी.