दात पडला, दुखला, सुजला? या चुका तरी करू नका

दातांच्या दवाखान्यात मी फोन उचलते आणि ट्रीटमेंटच्या वेळी डॉक्टरांच्या हाताशी असते, अकरा वर्षं झाली. डॉक्टर नाही मी, आधीच सांगते. पण फोनवरचं पहिलं वाक्य ऐकलं की घरी काय करून बसलेत ते कळतं आता.

सगळ्यात जीव जळतो तो अख्खा दात निघून येतो तेव्हा. एक आई आली होती, पोरगा नऊ वर्षांचा, सायकलवरून तोंडावर आपटलेला, वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर. तिने पर्समधून टिश्यूची पुडी काढली, उघडली तर दात एकदम पांढराशुभ्र. "ताई, माती लागली होती ना, पेस्ट लावून ब्रशने स्वच्छ घासून आणलाय." वर वाळून कोरडा ठक्क, पडून दीड तास झालेला. मी काहीच बोलले नाही, ती आधीच रडत होती. मुळावर एक पातळ पडदा असतो, त्यातल्या पेशी जिवंत असल्या तर दात परत नीट धरतो, आणि नेमका तोच तिने घासून टाकला होता. डॉक्टरांनी तरी बसवला, बाजूच्या दातांना तारेने बांधला. पण तो हाडाला चिकटून बसला, पोरगा वाढला तसे शेजारचे दात खाली आले आणि हा तिथेच वर, आखूड दिसायला लागला, आतून मूळही विरघळत गेलं.

तर दात उचलताना पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. घाण असेल तर दुधात नाहीतर थंड पाण्याच्या बारीक धारेखाली 10 सेकंद विसळा, बस. मग सुलटा धरून त्याच खड्ड्यात बसवा, रुमाल चावायला द्या आणि निघा. भीती वाटते, मान्य, मग थंड दुधात टाकून आणा, दूध नसेल तर पोराला वाटीत थुंकायला लावा आणि त्या लाळेत ठेवा. साध्या पाण्यात नको, त्या पेशी पाणी पिऊन फुटतात. अर्ध्या तासात पोचलात तर सोन्याहून पिवळं, तास उलटला की आशा कमी होत जाते. आणि दुधाचा दात असेल तर अजिबात परत बसवू नका, आत नवीन दात तयार होत असतो त्याला धक्का लागतो. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा शुद्ध हरपली असेल तर दात राहू दे, आधी हॉस्पिटल.

दुसरा माझा आवडता प्रकार म्हणजे "थांबलं दुखायचं, अपॉइंटमेंट कॅन्सल करा." एक काका तीन दिवस रात्रभर ठणक्याने जागे, घरात कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या खाल्ल्या, चौथ्या दिवशी एकदम शांत. मी फोनवर म्हटलं काका तरी या, तर म्हणे उगाच कशाला. अहो बरं नाही झालं, आतली नस मेली, म्हणून दुखायचं थांबलं! दोन आठवड्यांनी आले ते गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर गोळीचं औषध तिथे पोचणार कसं? रूट कॅनल करा नाहीतर दात काढा, मधला शॉर्टकट नाही. तोपर्यंत दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते पण पाकिटावर लिहिलीये तेवढीच, वैतागून दुप्पट नाही.

बाकीचं पटापट. अॅस्पिरिन हिरडीवर ठेवू नका, चामडी भाजून पांढरी पडते. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर, बाटली ओतायची नाही. सुजेवर गरम शेक नको, बाहेरून बर्फ, तोही कपड्यात गुंडाळून. निघालेली कॅप घरातल्या ग्लूने चिकटवू नका, डबीत घालून आणा. दात काढल्यावर रक्त येतंय म्हणून दर दोन मिनिटांनी कापूस काढून बघणारे लोक मला कळतच नाहीत, अर्धा तास गच्च चावून धरा की, आणि त्या दिवशी चुळा भरू नका, खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून येते.

आणि सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप भरला, श्वास घ्यायला जड जातंय, असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटसाठी मला फोन लावत बसू नका. रात्रीचे दोन असले तरी सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.