अमेरिकेत हेंप पेरायचं असेल तर: परवान्यापासून कापणीपर्यंत

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडचा ताग म्हणजे सनहेंप आणि अंबाडी म्हणजे डेक्कन हेंप. या दोन्हींचा गांजाशी काही संबंध नाही. इथे विषय गांजाच्याच जातीच्या झाडाचा आहे. कोरड्या वजनावर त्यात टीएचसी (नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर ते अमेरिकी कायद्यात हेंप, त्याहून जास्त असेल तर गांजा.

पहिलं काम म्हणजे परवाना कोण देतो ते बघणं. बऱ्याच राज्यांची स्वतःची योजना आहे आणि तिथले नियम जास्त कडकही असू शकतात. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात थेट केंद्रीय कृषी खात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत एफबीआयचा गुन्हे-इतिहास अहवाल जोडायचा, तो ६० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. कंपनीच्या नावाने अर्ज असेल तर वरच्या पदाधिकाऱ्यांचेही अहवाल लागतात, शेतावरच्या मुकादमाचा नाही. परवाना मिळाला की लागवडीचं क्षेत्र, पत्ता आणि नकाशावरचं नेमकं ठिकाण कृषी खात्याच्या एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी) कार्यालयात नोंदवा. ही नोंद राहून गेली तर तोही निष्काळजीपणाच धरला जातो.

बियाणं घेताना जुने प्रयोगशाळा अहवाल मागा. सीबीडी (याच झाडातला नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी एकत्रच चढतात, साधारण २० ते २५ला १ या प्रमाणात. म्हणजे १२ टक्के सीबीडीची जाहिरात करणारा वाण पूर्ण पिकू दिला तर मर्यादा ओलांडणारच. धाग्याच्या वाणांना ही धास्ती कमी. एका लॉटमध्ये (एकत्र नमुना घेतला जाणाऱ्या सलग क्षेत्रात) एकच वाण ठेवा.

खरी कसोटी कापणीच्या वेळी. अधिकृत माणूस फुलोऱ्याच्या शेंड्याचे ५ ते ८ इंचांचे तुकडे नमुना म्हणून नेतो आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत कापणी संपवावी लागते. दिवस नमुन्यापासून मोजतात, अहवालापासून नाही! त्यामुळे प्रयोगशाळेची रांग, मजूर आणि वाळवणीची जागा आधीच ठरवून ठेवा. मुदतीत कापून न झालेल्या भागाचा नमुना पुन्हा द्यावा लागतो. फुलोरा सुरू झाल्यावर दर आठवड्याला स्वतःच्या खर्चाने चाचणी करून घ्या, म्हणजे अधिकृत नमुना कधी बोलवायचा ते कळतं.

अहवाल वाचताना बरेच जण नुसता डेल्टा-९चा, म्हणजे तयार टीएचसीचा, आकडा बघून खूश होतात. हिशोब एकूण टीएचसीचा असतो: टीएचसीए (उष्णतेने टीएचसी होणारं कच्चं रूप) गुणिले ०.८७७, अधिक डेल्टा-९. टीएचसीए ०.३४ आणि डेल्टा-९ ०.०३ असेल तर बेरीज ०.३२८. प्रयोगशाळेने मोजमापातली अनिश्चितता ±०.०४ दिली असेल तर खालचं टोक ०.२८८ येतं, आणि पीक पास होतं. म्हणून अहवालावर हा अनिश्चिततेचा आकडा छापलेला आहे ना, हे तपासा.

नापास झालं तर फेरचाचणी मागता येते. फुलं काढून नष्ट करून देठ आणि बी वाचवता येतं, किंवा अख्खं झाड दळून त्या मिश्रणाची पुन्हा चाचणी करता येते. तेही जमलं नाही तर नांगरून गाडणं, कंपोस्ट करणं किंवा जाळणं. खबरदारी घेतली असेल आणि टीएचसी १ टक्क्याच्या आत असेल तर निष्काळजीपणाचा ठपका येत नाही. पण पाच वर्षांत तीन ठपके आले की पुढची पाच वर्षं हेंप लावता येत नाही. सगळे कागद तीन वर्षं जपून ठेवा, वाहतुकीच्या गाडीत परवान्याची आणि अहवालाची प्रत असू द्या.