जर्मन सैन्यातल्या जुन्या अधिकाऱ्याचा माग कसा काढावा

पहिल्या महायुद्धात, 1916 च्या एप्रिलमध्ये, इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. समोरच्या तुर्की सहाव्या सैन्याचा सेनापती तुर्क नव्हता, प्रशियाचा फील्डमार्शल होता : कोल्मार फ्रायहेर (म्हणजे बॅरन) फॉन डेर गोल्ट्स. पलटण शरण जायच्या दहाच दिवस आधी, 19 एप्रिलला, तो बगदादला वारला. पणजोबांच्या पलटणीबद्दल वाचताना असं एखादं नाव समोर येतं आणि हा माणूस कोण, इथवर कसा आला, याची ओढ लागते. तेव्हा नुसत्या नावाच्या मागे धावू नका. रेजिमेंट आणि तारीख हाताशी धरा.

सगळ्यात आधी सैन्य ठरवा. 1871 ते 1918 या काळात जर्मनीत एकच सैन्य नव्हतं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग या चार राज्यांचे अधिकारी वेगळे, याद्या वेगळ्या, कागदपत्रंही वेगळी. दुसऱ्या महायुद्धात गाजलेला फील्डमार्शल एर्विन रोमेल 1910 मध्ये वाइनगार्टनच्या 124 व्या इन्फंट्री रेजिमेंटमध्ये भरती झाला. ती रेजिमेंट व्युर्टेम्बर्गची, म्हणून त्याच्या पहिल्या वर्षांचा शोध बर्लिनला नाही, श्टुटगार्टला सुरू होतो. पहिल्या महायुद्धानंतर राइशवेअर, म्हणजे जर्मनीचं नवं छोटं सैन्य, आलं. व्हर्सायच्या तहाने त्याला एक लाख माणसांची मर्यादा घातली होती आणि त्यात अधिकारी फक्त 4,000. या काळातला माणूस शोधणं म्हणूनच त्या मानाने सोपं जातं.

मग रांगलिस्टे उघडा. ही दरवर्षी छापली जाणारी अधिकाऱ्यांची यादी. जर्मन ग्रंथालयांनी तिचे बरेच खंड स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. पानावर वर रेजिमेंटचं नाव आणि छावणीचं गाव, खाली कमांडरपासून सर्वांत कनिष्ठ लेफ्टनंटपर्यंत नावं, शेजारी पदकांची बारीक चिन्हं आणि बढतीची तारीख. जुने खंड फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत आहेत. तिच्यातला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त त्याची आडवी रेघ उभ्या दांड्याला पार करत नाही. दोन-तीन दिवस रोज अर्धा तास वाचलंत की डोळे सरावतात. घाई करू नका, या एका अक्षरापायी आडनावच बदलून जातं.

बढतीच्या त्या तारखेला पेटंट म्हणतात. ज्येष्ठता तिच्यावरच ठरायची. एकाच दिवशी अनेकांना बढती मिळाली तर तारखेपुढे अक्षर जोडून क्रम लावत. 27 जानेवारी ही तारीख वारंवार दिसेल. तो कैसर विल्हेल्म दुसरा याचा वाढदिवस, आणि त्या दिवशी बढत्या जाहीर होत. आडनाव सारखं असलेले दोघे वेगळे काढायला पेटंटसारखं साधन नाही. त्याची तारीख कळली की 'मिलिटेअर-वोखनब्लाट' या लष्करी पत्राचे त्या आठवड्याच्या आसपासचे अंक चाळा. बदली, बढती, निवृत्ती, सगळं तिथे छापलेलं असतं.

आता नावाकडे या. 'फॉन' आणि 'फॉन डेर' अनुक्रमात धरत नाहीत. गोल्ट्स शोधायचा तो 'ग'खाली. पण गोल्ट्स घराणं मोठं. 1918 मध्ये फिनलंडमध्ये जर्मन फौज घेऊन उतरला तो र्‍युडिगर फॉन डेर गोल्ट्स, जन्म 1865. कुतच्या वेढ्याशी नाव जोडलं गेलेल्या कोल्मारचा जन्म 1843 चा. जन्मवर्ष न बघता कात्रणं गोळा केली तर दोघांची एकच खिचडी होते. शिवाय कोल्मारने 1883 पासून सुमारे बारा वर्षं तुर्की सैन्य घडवण्यात घालवली, म्हणून इस्तंबूलचा धागा सोडला की त्याची कारकीर्द मधेच तुटते. दत्तक जाण्याने आणखी गोंधळ होतो. हिटलरचा फील्डमार्शल एरिश फॉन मानश्टाइनचा जन्म लेविन्स्की घराण्यातला, मावशीच्या घरी तो दत्तक गेला. म्हणून त्याचं पूर्ण नाव 'फॉन लेविन्स्की गेनान्ट फॉन मानश्टाइन'. 'गेनान्ट' म्हणजे 'या नावाने ओळखला जाणारा'. हा शब्द दिसला की दोन्ही आडनावांखाली शोधा.

हुद्द्यांचं भाषांतरही जपून करा. त्या काळचा 'गेनेरालमायोर' हा सर्वांत खालचा जनरल, बहुधा ब्रिगेडचा प्रमुख. त्याला आपल्याकडचा मेजर जनरल समजलात तर माणूस एक पायरी वर चढतो. घोडदळातला 'रिटमाइस्टर' म्हणजे कॅप्टनच. नावापुढे 'आ. डे.' असेल तर निवृत्त, 'त्सु. डे.' असेल तर निवृत्त झाला तरी गरज पडल्यास परत बोलावता येईल असा.

छापील याद्या संपल्या की मूळ फाइलींकडे वळा. इथे मन घट्ट करावं लागतं. 1945 च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात पोट्सडामचं लष्करी अभिलेखागार जळालं आणि प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या बहुतेक वैयक्तिक फाइली त्यात गेल्या. बव्हेरियाच्या फाइली म्युनिकला, व्युर्टेम्बर्गच्या श्टुटगार्टला वाचल्या. प्रशियाचा माणूस असेल तर याद्या, पहिल्या महायुद्धातल्या जखमी-मृतांच्या छापील याद्या आणि चर्चची जन्म-विवाह नोंद यांवरच चित्र जुळवावं लागतं. वेअरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या सैन्याच्या, अधिकाऱ्यांसाठी फ्रायबुर्गचं लष्करी अभिलेखागार बघा. त्यांची काही कागदपत्रं अमेरिकनांनी जप्त करून मायक्रोफिल्म केली, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात.

नाझी काळातल्या माणसाबद्दल हातचं राखून लिहू नका. अधिकाऱ्याने स्वतः लिहिलेल्या आठवणी सगळ्यात शेवटी वाचा. त्याआधी त्याच्या तुकडीची युद्धदैनंदिनी आणि खटल्याचे कागद. मानश्टाइनला 1949 मध्ये हाम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरवून 18 वर्षांची शिक्षा दिली होती, 1953 मध्ये तो सुटला. हे त्याच्या कारकिर्दीतच मोडतं, तळटीपेत ढकलायचं नाही.

अभिलेखागाराला पत्र पाठवताना पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, रेजिमेंट आणि हवा असलेला काळ, इतकंच साध्या जर्मनमध्ये लिहा. जन्मतारीख नसेल तर ती मिळेपर्यंत पत्र थांबवा.