लोड सेलचा अ‍ॅम्प्लिफायर नीट चालत नाहीये? आयसी बदलण्याआधी या चुका टाळा

आधी कागदावर गणित मांडा, हे बहुतेक जण करतच नाहीत. 5 किलोचा लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर), रेटिंग 2 मिलिव्होल्ट पर व्होल्ट (पूर्ण वजनाला सप्लायच्या दर व्होल्टमागे 2 मिलिव्होल्ट), सप्लाय 5 व्होल्ट, म्हणजे पूर्ण 5 किलो ठेवले तरी हातात येणार फक्त 10 मिलिव्होल्ट. मी एलएम358 (साधा ऑप-अ‍ॅम्प आयसी) लावून गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, 500 ठेवला होता, आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास अडकलेलं, वजन ठेवा नाहीतर काढा ढिम्म हलत नव्हतं, म्हणून दोन आयसी बदलले आणि दोन्ही चांगलेच होते! 358 ला 5 व्होल्ट दिले की आउटपुट साडेतीनच्या वर जातच नाही आणि मी त्याच्याकडून 5 मागत होतो.

दुसरी चूक ऑफसेटची, म्हणजे इनपुटमध्ये फरक नसतानाही आयसी स्वतःहून धरतो त्या चुकीच्या व्होल्टेजची, आणि ही खरी डोकेदुखी. तपासायची सोपी पद्धत सांगतो: सेलची एक सिग्नल वायर काढा, दुसरी तशीच राहू द्या आणि अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही इनपुट एकमेकांना शॉर्ट करा. आता फरक शून्य, तरी मीटरवर 1.2 व्होल्ट दिसले तर भागिले 500, म्हणजे 2.4 मिलिव्होल्ट ऑफसेट. 358 चा ऑफसेट 2-3 मिलिव्होल्ट असणं नॉर्मलच आहे, पण आपला सिग्नलच 10 चा आहे ना! ऑफसेट उलट दिशेचा असेल तर आउटपुट शून्याला चिकटतं आणि आपल्याला वाटतं वायर तुटली.

म्हणून इथे इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरच (दोन वायरमधला बारीक फरक अचूक वाढवणारा आयसी) घ्या. आयएनए128 ला 270 ओहमचा रेझिस्टर लावला की गेन साधारण 186 येतो. पण 5 व्होल्टवर याचं आउटपुट दोन्ही टोकांपासून दीड-एक व्होल्ट लांबच राहतं, त्यामुळे रेफरन्स पिन (आउटपुटचा शून्य कुठे धरायचा ते ठरवणारी) ग्राउंडला जोडू नका, 1.5 व्होल्ट द्या. आणि तेही नुसत्या दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरवरून थेट देऊ नका, त्याने कॉमन मोड रिजेक्शनची (दोन्ही वायरवर सारखं येणारं व्होल्टेज गाळण्याची) वाट लागते, मधे बफर (गेन 1 चा ऑप-अ‍ॅम्प) हवाच. काढलेला 358 इथे छान चालतो.

रीडिंग थरथरत असेल तर अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या पिनला अगदी लागून लावा, सेलच्या केबलची शील्ड (वरची धातूची जाळी) एकाच टोकाला ग्राउंड करा.

शेवटी 200 ग्रॅमचं वजन ठेवा, आउटपुट साधारण 74 मिलिव्होल्टनी वर यायला हवं, मीटरवर तेवढं दिसलं की मगच मायक्रोकंट्रोलरच्या कोडकडे वळा.