खानदेशातील जड पाणी आणि घरातील मत्स्यालय

बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारे बोअरचे पाणी जळगाव-धुळ्याकडील अनेक घरांत येते. अशा जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सहसा ७ च्या वर असतो आणि तो ७ पर्यंत उतरवण्यासाठी हौशी मंडळी लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातील आम्ल टाकीत ओततात. पाण्यातील कार्बोनेट ते आम्ल पचवून टाकतात, सामू पुन्हा चढतो आणि या चढउतारानेच मासे खचतात. त्यापेक्षा जड पाण्यात सुखाने राहणारे गप्पी किंवा मॉली निवडावेत.

खरी काळजी अमोनियाची घ्यावी. विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. मात्र नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो, उष्णतेने त्यात आणखी भर पडते, आणि मे महिन्यात तर गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून थेंबांच्या चाचणी संचाने आठवड्यातून एकदा तपासणी करावी. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याहून अधिक दिसल्यास एक-दोन दिवस खाद्य थांबवून पाव ते तृतीयांश पाणी बदलावे.

एरवी आठवड्याला पाव पाणी बदलणे पुरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवावे. त्याची मात्रा वाळू-दगड वगळून उरलेल्या प्रत्यक्ष पाण्यावरून ठरवावी. नवे पाणी टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. गच्चीवरील तापलेल्या टाकीचे पाणी दुपारी थेट ओतू नये. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागेच राहतात. त्यामुळे घटलेली पातळी आरओच्या पाण्याने भरावी, पण संपूर्ण टाकी त्याच पाण्याने भरू नये, कारण क्षारांवाचून सामू स्थिर राहत नाही.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वीज बराच वेळ गेल्यास बंद डब्याच्या फिल्टरमधील पाणी प्राणवायूअभावी कुजते, म्हणून तो धुतल्यावाचून पुन्हा चालू करू नये. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत.