आयरिश कंपनीने अमेरिकी ग्राहक जोडताना

पहिलं बिल पाठवण्याआधी डब्ल्यू-८बेन-ई हा फॉर्म (कंपनी अमेरिकेबाहेरची असल्याचं सांगणारा) भरून ग्राहकाकडे द्या. अमेरिकेच्या कर खात्याकडे नव्हे. सॉफ्टवेअरची रॉयल्टी असेल आणि फॉर्म नसेल, तर ३० टक्के कर कापूनच पैसे येतात. १९९७ च्या आयर्लंड-अमेरिका करविषयक करारामुळे, अटींत बसणाऱ्या कंपनीची ही कपात शून्यावर येते. मात्र त्यासाठी फॉर्मचा तिसरा भाग भरावा लागतो, आणि नेमका तोच कोरा राहून जातो. २०२५ मध्ये सही केलेला फॉर्म साधारणपणे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतो.

अमेरिकेतल्या राज्यांचा विक्रीकर या करारात येत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून राज्यात ऑफिस नसलं तरी तो लागू होऊ शकतो. अनेक राज्यांत मर्यादा वर्षाला १ लाख डॉलर विक्रीची आहे. तेव्हा राज्यवार हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा.

डब्लिन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं. पण मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा फरक ४ तासांचाच. ठरलेल्या मीटिंग हुकतात त्या तेव्हाच. ग्राहकाशी केलेल्या करारात महिना अक्षरांत लिहा: ०३/०४ म्हणजे डब्लिनला ३ एप्रिल, बॉस्टनला ४ मार्च. पैसे देण्याची मुदत यावरच अडते.